रात्रपाळी

राजारामपुरीत, सातव्या गल्लीत,
मगदूम डॉक्टरीणबाईंनी तोंडात आरसा घातला
आणि विचारलं,
"रात्री कुणाला चावता हो?"

हसणार होतो.
पण त्यांची दोन बोटं माझ्या तोंडात होती.

दाढांचे कंगोरे गेलेत, म्हणाल्या.
टाकी लावायला झालेल्या पाट्यासारख्या
गुळगुळीत.
वाटणारा कोण, वाटतोय काय,
हे काही क्ष-किरणात दिसत नाही.

मला वाटायचं, मी झोपतो.
बायको सांगायची, रात्रभर खडीवरनं बैलगाडी जाते.
मग एक दिवस ती उशी घेऊन पोरीच्या खोलीत गेली.
भांडण नाही, काही नाही.
फक्त गाडीचा आवाज.

तसं पहिल्यांदा पोट गेलं.
गंगावेशीच्या कट्ट्यावर उभा राहून
फेसासकट धार पिणारा माणूस मी,
आता अर्धा कप दूध छातीशी जळतं.
मग उजवा खांदा वर सरकला, कानाशी येऊन बसला,
जणू त्याला काहीतरी ऐकायचंय.
मग बंडा टिपुगडेनं केस कापताना कात्री थांबवली,
मागं आरसा धरला :
कानामागं रुपयाएवढी जागा, साफ.
"दादा, हे कधीपासनं?"

सीपीआरला रांग लावली.
रक्त दिलं, लघवी दिली, छातीला तारा चिकटवल्या.
सगळं नॉर्मल.
कागदावर जमाखर्च जुळलेला
आणि पेटी रिकामी.
असला ताळेबंद मी ओळखतो.
सतरा महिने तोच तर काचेमागं घेऊन बसलोय.

पतसंस्थेचा बोर्ड अजून रंगीत आहे.
चेअरमनांच्या खुर्चीवर टॉवेल तसाच आहे,
चेअरमन नाहीत.
आणि काचेला खाली अर्धगोल भोक आहे,
त्यातनं आधी नोटा जायच्या,
आता माझा आवाज जातो :
"पुढच्या सोमवारी या."

जैनबबी येतात, पासबुक ओढणीत बांधून.
हेर्ल्याचे पद्मण्णा चौगुले येतात.
पद्मण्णा ओरडत नाहीत.
नंबराची चिठ्ठी घेतात, पंख्याखाली बसतात,
नंबर आला की उठून विचारतात,
"आज काय म्हनतोय सोमवार?"
हे ओरडले असते तर बरं झालं असतं.

जीभ सोमवार म्हणते.
दातांना तो पटत नाही.
दिवसभर गप्प बसतात बिचारे, नोकरी आहे,
दिवा मालवला की कामावर हजर.

डॉक्टरीणबाईंनी गुलाबी लगदा चावायला दिला,
माप घेतलं.
आठवड्यानं गेलो तर फळीवर
पांढऱ्या प्लॅस्टरचे जबडे ओळीनं मांडलेले,
प्रत्येकाला पेन्सिलीनं नाव, तारीख.
माझा लगेच ओळखला,
एवढा सपाट दुसरा नव्हताच.
म्हणजे, एक होता.
शेजारीच.
वाकून वाचलं :
प. आ. चौगुले, हेर्ले.

किती वेळ उभा होतो कोण जाणे.
फळीवर दोन तोंडं,
एकमेकांना काहीच न बोलता.

"हे बसवून झोपा," बाईंनी पारदर्शक पट्टी हातात दिली,
"दात वाचतील. बाकीचं माझ्याकडं नाही.
आणि दिवसा लक्ष ठेवा :
ओठ मिटलेले, दात सुटे,
जीभ अलगद टाळूला."

सोमवारी पद्मण्णा आले.
मी भोकातनं हळूच विचारलं,
"तुम्ही पण पट्टी घेतली?"
क्षणभर बघत राहिले.
"व्हय. मेव्हण्याकडनं उसनं काढून."
त्यांचे सव्वाचार लाख माझ्या मागच्या वहीत होते,
निळ्या शाईत, माझ्याच अक्षरात.

सोमवार म्हणायचा होता.
नाही म्हणालो.
म्हणालो, "मला माहीत नाही, अण्णा."
सतरा महिन्यांत पहिल्यांदा.

ते गेले नाहीत.
पंख्याखाली परत बसले, चिठ्ठी मुठीत.
काचेतनं दिसत होतं,
ओठ मिटलेले,
गालाचं हाड एकदा हललं
आणि थांबलं.
मीही इकडं
जीभ टाळूला लावून बघितली.